पाठीशी तोफ नसताना

गोव्याबाहेरच्या मराठी माणसाने मुरगाव तालुक्यातल्या सांकवाळचे नाव ऐकलेले असते ते बहुधा देवांमुळे. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आणि केरीची विजयादुर्गा ही दोन्ही दैवते मूळची सांकवाळची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली (तेव्हा सांकवाळ गोव्याच्या याच प्रांतात मोडे) देवळे पाडायला घेतली, तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल जिथे पोहोचत नव्हता अशा मुलखात भाविकांनी ती नेऊन ठेवली, आणि पुढे तिथेच त्यांची देवस्थाने वाढली. त्याच सांकवाळात आज एका जुन्या चर्चची केवळ दर्शनी भिंत उभी आहे, मागे छप्पर नाही की गाभारा नाही. आणि तिच्या परिसरात दर जानेवारीत कॅथलिक गोवेकर नोव्हेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, आणि १६ तारखेच्या फेस्ताला गर्दी करतात. ज्यांच्यासाठी ते येतात त्यांना लोक ‘सांत जुझे वाझ’ म्हणतात. देवळे गेल्याला जेमतेम शतक उलटले असताना याच गावच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला हा पाद्री सिलोनला गेला आणि चोवीस वर्षे तिथे राबला. त्यातला बराच काळ त्याने लपतछपत काढला.

मिशनऱ्यांच्या धैर्याविषयी लिहायचे तर मी जाणूनबुजून जोझे वाझ यांची निवड करतो. आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म मोठ्या प्रमाणावर पसरला तो पोर्तुगीज गलबतांबरोबर, आणि त्या गलबतांवर तोफा होत्या. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि काही थोड्या वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले. ज्याच्या मागे किल्लेदार उभा आहे अशा धर्मोपदेशकात धैर्य नसतेच असे मी म्हणणार नाही, पण त्यातले धैर्य किती आणि सत्तेचा आधार किती हे आज वेगळे काढून दाखवणे अवघड आहे. वाझ यांच्याबाबत हा प्रश्नच उरत नाही. ते गेले तिथे त्यांच्या बाजूने एकही शिपाई नव्हता. जे शिपाई होते ते त्यांना पकडायला फिरत होते.

२१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी, त्यांचा जन्म झाला. वडिलांचे घराणे सांकवाळचे, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून मुलगा जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात गेला, पुढे त्याने दोमिनिकन पाद्र्यांच्या विद्यालयात ईशज्ञानाचा अभ्यास केला आणि १६७६ साली त्याला पाद्रीदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पायांतले जोडे काढून टाकले. त्या काळच्या गोव्यात अनवाणी चालत तो गरीब. पाद्र्याच्या पायांतले जोडे म्हणजे त्याच्या दर्जाची खूण. ती खूण त्यांनी मोडली ती कायमची, आणि पुढे जे वेषांतर त्यांचे संरक्षण होणार होते त्याची निम्मी तयारी अशी दहा वर्षे आधीच होऊन गेली.

सिलोनमध्ये तेव्हा काय चालले होते? डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. डच ईस्ट इंडिया कंपनी कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, होती, आणि कॅथलिक पाद्री म्हणजे पोर्तुगीजांचा हेर असे तिचे साधे समीकरण होते. सगळे कॅथलिक पाद्री हाकलले गेले, चर्चे कॅल्व्हिनपंथी उपासनेकडे वळवली गेली, आणि पाद्र्याला घरात आसरा देणाऱ्याला देहदंड ठरवणारा हुकूम निघाला. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद डचांच्या चर्चमध्ये आणि शाळांच्या नोंदवह्यांत व्हायची, आणि त्या नोंदीविना वारसा सिद्ध करणे किंवा सरकारी काम मिळवणे कठीण होऊन बसले. बेटावरचे हजारो कॅथलिक, किनाऱ्यावरचे तमिळ आणि सिंहली कोळी, शेतकरी, कारागीर, जवळजवळ तीस वर्षे एकाही पाद्र्याविना राहिले. जी मुले त्या काळात जन्मली ती पाद्र्याला न पाहताच आईबाप झाली.

इथे एक विचार मनात आल्याशिवाय राहत नाही, आणि तो मी माझ्याच जबाबदारीवर मांडतो. डचांनी सिलोनमध्ये कॅथलिकांना जे भोगायला लावले, त्याचे सासष्टीतल्या हिंदूंनी पोर्तुगीजांच्या हातून भोगलेल्या गोष्टींशी विलक्षण साम्य आहे: उपासनेची जागा हिरावून घेणे, पुरोहिताला हद्दपार करणे, जन्म-लग्न-वारसा यांच्या नाड्या राज्यकर्त्याच्या धर्माच्या हाती देणे. सांकवाळच्या भाविकांनी देव उचलून पलीकडच्या मुलखात नेले. सिलोनमधल्या कॅथलिकांनी क्रूस आणि मूर्ती घरांत दडवल्या, आणि त्यांच्यातले बरेच जण कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात जाऊन राहिले. सांकवाळचाच एक मुलगा या दुसऱ्या छळातल्या माणसांच्या मदतीला जातो, हा योगायोग इतिहासाने घडवला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एका छळाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. परंतु वाझ यांच्या आयुष्याची थोरवी सांगताना त्यांच्या गावची देवळे कुठे गेली हे ज्याला सांगवत नाही, त्याने ती थोरवीही सांगू नये, असे माझे मत आहे.

सिलोनला जायचे त्यांच्या मनाने केव्हाच घेतले होते, पण वरिष्ठांनी त्यांना १६८१ साली धाडले ते कानडा प्रांतात, मंगळूर-बसरूर-गंगोळीच्या बाजूला. तिथे पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो (चर्चच्या नेमणुकांचा त्याचा हक्क) आणि रोमची प्रोपागांदा (मिशनांचा कारभार पाहणारी पोपची कचेरी) यांच्यात अधिकारावरून तंटा चालू होता. त्यात त्यांची तीन वर्षे गेली. परत आल्यावर १६८५ साली ते जुन्या गोव्यातल्या एका टेकडीवरच्या ‘मिलाग्रांच्या खुरसा’च्या चर्चमध्ये एकत्र राहणाऱ्या काही गोवेकर पाद्र्यांना जाऊन मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. हीच गोव्याची ऑरेटरी, आणि तिचे पाद्री म्हणजे मिलाग्रिस्त. जेझुइट, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन या युरोपीय संघांची दारे भारतीयांना जवळजवळ बंद होती. हुशार गोवेकर पाद्र्याला फार तर युरोपीय पाद्र्याच्या हाताखाली मदतनीस होता येई. या परिस्थितीत भारतीयांनी भारतीयांसाठी स्वतःचा संघ उभा केला, तोही कुणी वरून सांगितले नसताना. पुढे या संस्थेत ब्राह्मण कुळांतल्याच पाद्र्यांना प्रवेश मिळू लागला, हेही नोंदवायला हवे. जात धर्मांतराने सुटली नव्हती. पण वाझ स्वतः ज्या रीतीने राहिले त्यात कुळाच्या अभिमानाला कुठे जागाच नव्हती.

१६८६ मध्ये ते गोव्यातून निघाले. बरोबर जुवांव नावाचा एक सेवक होता. चरित्रांत त्याच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात, पण तो शेवटपर्यंत प्रत्येक संकटात हजर आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जात ते तुतिकोरीनला पोहोचले, आणि तिथे वाझ यांनी तमिळ शिकायला घेतली. १६८७ साली, वादळातून कसेबसे वाचून, ते बेटावर उतरले आणि जाफन्याला आले. कमरेला मजुराचे फडके, अनवाणी पाय आणि भिकाऱ्याचे रूप. युरोपीय पाद्री असता तर बंदरावरच पकडला गेला असता. कातडीच्या ज्या रंगामुळे गोव्यात मोठ्या संघांची दारे बंद झाली, तोच रंग जाफन्यात डच पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटायला उपयोगी पडला.

पहिलाच अनुभव जिवावरचा होता. प्रवासातल्या उपासमारीने दोघांनाही हगवण लागली. संसर्गाच्या भीतीने त्यांना वस्तीबाहेर टाकण्यात आले, आणि एक बाई रोज येऊन त्यांना पेज पाजत असे, म्हणून ते जगले. तिचे नाव इतिहासात नाही. सिलोनमधल्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात त्या पेजेने झाली, असे म्हणायला माझी हरकत नाही.

बरे झाल्यावर त्यांच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. शहरात कॅथलिक आहेत हे ठाऊक होते, पण कोण हे कसे ओळखायचे? कुणाला सरळ विचारले आणि तो डचांचा माणूस निघाला तर संपलेच. मग वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. कॅल्व्हिनपंथी माणसाला जपमाळेचे सोयरसुतक नव्हते, उलट तो हाकलून देई. हिंदूच्या लेखी ती नुसतीच मण्यांची माळ होती. पण एखाद्या दारात भीक घालणाऱ्या हाताची हालचाल क्षणभर मंदावे, माळेकडे नजर जाई, आणि ते घर लक्षात राही. अशा घरांकडे ते पुन्हा पुन्हा गेले. बोलणे वाढले, विश्वास बसला, आणि एके दिवशी त्यांनी सांगितले की मी पाद्री आहे. तीस वर्षांनी पाद्री आला आहे ही बातमी त्या घरांतून कानोकानी कशी पसरली असेल याची कल्पना करता येते. ती पसरताना एकानेही डचांकडे चहाडी केली नाही, याचे मला जास्त नवल वाटते.

वायव्येकडचे सिल्लालै हे गाव त्यांचे ठाणे झाले. काम रात्री चाले. अंधार पडला की एखाद्या घरात लोक जमत, पापनिवेदने ऐकली जात, बाप्तिस्मे होत, वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यांची लग्ने लागत, पहाटेपूर्वी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होई आणि उजाडायच्या आत पाद्री दुसऱ्या गावच्या वाटेला लागलेला असे. मिस्सेला गव्हाची भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे द्राक्षांची दारू, लागते. दोन्हींना पर्याय चालत नाही, आणि त्या काळच्या सिलोनमध्ये दोन्ही सहज मिळत नसत. म्हणजे मूठभर पीठ आणि थोडा द्राक्षारस समुद्रापलीकडून, डचांच्या नाकावरून आणायचा, दमट हवेत तो टिकवायचा आणि पुरवून पुरवून वापरायचा. धैर्याच्या कथांत मोठमोठे प्रसंग येतात, परंतु मला हा पिठाचा आणि द्राक्षारसाचा हिशेब अधिक बोलका वाटतो, कारण तो वर्षानुवर्षे, प्रत्येक रात्री सांभाळावा लागत होता.

अखेर नाताळच्या एका रात्री डच शिपायांनी लोक उपासनेला जमले असतानाच धाड घातली. वाझ निसटले. जमलेल्यांना मात्र अटक झाली, पुढाऱ्यांना फटके आणि सक्तमजुरी भोगावी लागली, आणि कॅल्व्हिनपंथ सोडून कॅथलिक झालेल्या एका माणसाचा तर त्या मारातच अंत झाला. पाद्री सुटला आणि त्याच्यासाठी जमलेले लोक पकडले गेले, ही गोष्ट सांगताना मी अडखळतो. लिहिणारे मिशनऱ्याचे शौर्य लिहितात. पण देहदंडाचा हुकूम होता तो आसरा देणाऱ्यासाठी. भटका पाद्री आज इथे तर उद्या तिथे. घरवाल्याला मात्र तिथेच राहायचे असते, पोरेबाळे, शेत, होडी सगळे तिथेच असते. वाझ यांच्या चिकाटीची कथा या लोकांच्या चिकाटीला वगळून सांगताच येत नाही.

जाफन्यात राहणे अशक्य झाल्यावर ते कँडीच्या राजाच्या अमलाखालच्या पुत्तलमला गेले आणि १६९२ साली खुद्द कँडीकडे निघाले. कँडीच्या राजांना परकीयांना अडकवून ठेवण्याची सवय होती. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० साली पकडला गेला तो एकोणीस वर्षांनी पळून जाऊ शकला. हे ठाऊक असताना वाझ निघाले, आणि व्हायचे तेच झाले. राजदरबारी वजन असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने ‘हा पोर्तुगीजांचा हेर आहे’ असे राजाच्या कानावर घातले आणि वाझ व जुवांव दोघेही कैदेत पडले.

कैदेत माणूस काय करतो? वाझ सिंहली शिकले. पहारा हळूहळू सैल झाला तसे त्यांनी कैदेच्या आवारातच झावळ्यांचे छोटेसे देऊळ उभारले, आणि कँडीत पूर्वीपासून असलेले कॅथलिक, त्यांत डचांच्या भीतीने आलेले होते तसे पोर्तुगीजांच्या काळापासूनचे कैदीही होते, तिथे येऊ लागले. पहारेकऱ्यांनी डोळेझाक केली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा स्वतः बौद्ध होता, धर्मनिष्ठ होता, आणि आपल्या बंदिवानाकडे लक्ष ठेवून होता. हा माणूस काही मागत नाही, कुणाला निरोप धाडत नाही, पोर्तुगीजांचे नाव काढत नाही, हे त्याच्या ध्यानात आले असावे. चरित्रकार अवर्षणाच्या साली पडलेल्या पावसाची कथा सांगतात: वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली, पाऊस कोसळला आणि तेवढी जागा कोरडी राहिली. श्रद्धाळू ती कथा डोळे मिटून सांगतात, आणि मी ती आदराने ऐकतो. इतिहासाच्या दृष्टीने निश्चित आहे ते एवढे की राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणी फिरण्याची मुभा दिली. ज्यांचा धर्म ख्रिस्ती होता त्या डचांनी ज्याच्यासाठी फास तयार ठेवला, त्याला एका बौद्ध राजाने आसरा दिला. वाझ यांच्या यशात या राजाचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची कृतज्ञता मानणे मला आवश्यक वाटते.

१६९७ साली गोव्याहून मदत आली. मिलाग्रिस्त पाद्री जोझे द मेनेझिस आणि जोझे कार्व्हालो बेटावर पोहोचले. कार्व्हालो वाझ यांचे भाचे. म्हणजे दहा वर्षे हा माणूस एकटा होता, दुसऱ्या पाद्र्यापाशी स्वतःचे पापनिवेदन करण्याचीही सोय नसलेला. त्याच वर्षी कँडीत देवीची साथ पसरली. लोक रोग्यांना रानात नेऊन सोडू लागले, घरे ओस पडली. मामा-भाचे दोघे रोज त्या रानात जात. त्यांनी झोपड्या उभारून रोग्यांना आत आणले. फोडांनी भरलेली अंगे धुणे, भरवणे, औषध देणे आणि मेलेल्यांसाठी खड्डे खणून पुरणे हे सगळे त्यांनी आपल्या हातांनी केले. रोगी कॅथलिक आहे की बौद्ध हे पाहिले गेले नाही. ज्याला स्वतःच्या उपदेशाने लोक जिंकायचे होते त्याला कँडीच्या लोकांनी ओळखले ते या कामाने, आणि साथ ओसरल्यावर राज्यात त्यांच्याविषयी संशय उरला नाही.

वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेले. पहिले भारतीय संत म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. वाझ यांना मात्र हौतात्म्य लाभले नाही. हुतात्म्याची कसोटी एका दिवसाची असते असे म्हणून मी त्या मरणाची थोरवी कमी करू इच्छित नाही, पण रोज पकडले जाण्याची शक्यता असताना, रोज चालायचे असताना, ताप, हगवण आणि जळवा यांच्यासह चोवीस वर्षे काढण्यासाठी जे लागते ते निराळे आहे, आणि त्याची चित्रे काढता येत नाहीत म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मोठ्या पदाचा प्रस्ताव आला तो त्यांनी नाकारला. प्रत्यक्ष डचांच्या कोलंबोतही ते वेष पालटून जात राहिले. गावोगाव त्यांनी मुप्पू आणि अण्णावी नेमले. हे प्रापंचिक लोक पाद्री नसताना प्रार्थना चालवत, मुलांना शिकवत आणि मरणाऱ्यापाशी बसत. आपण पकडले गेलो तरी काम थांबू नये, ही त्यातली दृष्टी होती.

१७०५ साली दिवाडीचे जाकोमे गोन्साल्व्हिस येऊन मिळाले. वाझ पायांनी जिथे पोहोचले तिथे गोन्साल्व्हिस लेखणीने पोहोचले: सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनी इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचा आरंभ त्यांच्यापासून मानला जातो. शरीर पार थकल्यावर १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वाझ वारले. त्यांची कबर आज नेमकी दाखवता येत नाही. १७४५ साली गोव्याच्याच सेबास्तियांव द रेगो या मिलाग्रिस्त पाद्र्याने लिहिलेले त्यांचे चरित्र लिस्बनला छापले गेले. रोमने घोषणा करायला फार वेळ घेतला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संत घोषित केले तेव्हा त्यांच्या मृत्यूला तीनशे चार वर्षे होत आली होती.

वाझ गेले त्या दिवशी डचांचा कायदा जसाच्या तसा जारी होता, आणि तो उठेल असे मानायला त्यांना काहीच कारण नव्हते. पुढच्या राजांच्या काळात कँडीनेही एकदा पाद्र्यांना बाहेर काढले. तरी जुन्या गोव्यातल्या त्या टेकडीवरून माणसे जात राहिली, तुतिकोरीनची बाजू धरून, आधी तमिळ आणि मग सिंहली शिकत. ब्रिटिशांनी १८०६ साली कॅथलिकांवरचे डच निर्बंध रद्द केले, तेव्हा वाझ जाफन्याला उतरल्याला ११९ वर्षे झाली होती आणि बेटावरच्या कॅथलिकांची सेवा गोव्याहून गेलेले मिलाग्रिस्त पाद्रीच करत होते.